जाबरची पाती, सालेमची पाती

वाघजाळीचे पुंडलिकराव पाटील ऐन पोळ्यात पडले आणि मांडीचं हाड मोडून बसले, तेव्हा त्यांची लेक कोकिळा कुवेतात होती. तिच्या धाकट्या भावाचा, गोपालचा, फोन आला त्या दिवशी ती सामान बांधत होती. ज्या म्हातारीच्या उशापायथ्याशी नर्स म्हणून तिनं उमेदीची वर्षं काढली, ती म्हातारी थोड्याच दिवसांपूर्वी देवाघरी गेली होती. एजंट म्हणत होता, दुसरं घर धर. कोकिळा म्हणाली, "आता माझ्या घरचाच पेशंट तयार झाला," आणि विमानात बसली.

तिला मागं ओढणारं तिथं कोणी नव्हतं. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ झालं नाही. यवतमाळला नर्सिंग शिकली, नागपुरात नोकरी केली, मग कुवेत. पन्नाशी ओलांडून ती बापाच्या ओसरीत आली, तेव्हा बाप खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"बाबा, मी आली."

"दिसलं मले," पुंडलिकराव भिंतीलाच म्हणाले.

बाभुळगावाहून बेंबळा नदीच्या अंगानं निघालं की कपाशीच्या वावरांमधून रस्ता वाघजाळीला जातो. गाव लहान, पण पोळ्याचा थाट मोठा. आखरावर, म्हणजे गावालगतच्या मोकळ्या मैदानात, आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, गावातल्या सगळ्या बैलजोड्या रांगेनं उभ्या करायच्या, आणि सगळ्यांत पुढं मानाची जोडी, शिंगांवर मखर बांधलेली. ती तोरणाखालून गेली, तोरण तुटलं, की पोळा फुटला. हा मान दाजीबा पाटलांच्या घराण्याचा. दाजीबा जाऊन जमाना झाला, पाटीलकी कायद्यानं गेली; मान तेवढा राहिला. तो त्यांच्या थोरल्या मुलाच्या आणि धाकट्या मुलाच्या पातीत, म्हणजे शाखेत, आलटून पालटून चालायचा. एक साल तुमचं, एक साल आमचं. थोरल्या पातीचे आता पुंडलिकराव, धाकट्या पातीचे किसनराव. सख्खे चुलतभाऊ. एका ताटात जेवलेले, एका वर्गात नापास झालेले. घरंही एकाच आवारात, मधे फक्त तुराट्यांचं, तुरीच्या वाळल्या काड्यांचं, कूड.

वाकडं आलं ते कोरोनाच्या सालापासून. त्या साली गावपोळा भरलाच नाही. पाळी किसनरावांची होती; सरपंचांनी त्यांची एकटी जोडी तोरणाखालून काढली आणि लोकांना घरी पाठवलं. पुढं किसनराव म्हणू लागले, गाव नाही, ढोल नाही, तो काय पोळा झाला का? ते साल धरू नका. पुंडलिकराव म्हणाले, तोरण तुटलं म्हणजे साल गेलं. दरवर्षी कुरबूर वाढत गेली, आणि यंदा दोन्ही जोड्या मखर बांधून एकदमच तोरणाखाली घुसल्या. ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती. किसनरावांचा बैल बुजला. पुंडलिकराव मधे सापडले आणि पाराच्या दगडावर आडवे झाले.

किसनराव दवाखान्यात आले नाहीत. घरीही आले नाहीत. पुंडलिकरावांनी त्यांचं नाव काढायचं सोडलं. कुडापलीकडून खोकल्याचा आवाज आला तरी तोंड कडू करायचे.

यवतमाळच्या डॉक्टरांनी हाडात पट्टी टाकून दिली होती. हाड जुळत होतं, पण माणूस उठत नव्हता. कोकिळेनं वॉकर आणला, तो खुंटीसारखा कोपऱ्यात राहिला. गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं.

"बाबा, चालले नाही तर पाय आखडून जाईन."

"जाऊ दे. कुठी जायचं हाय मले आता?"

एका दुपारी ती त्यांच्या पायाला तेल चोळत होती. पुंडलिकरावांनीच विचारलं, "तथी काय करत होती वं तू इतके वर्सं?"

"एका बुढीले सांभाळत होती. यूम्मा म्हणे सारे तिले. यूम्मा म्हंजे माय."

"लय बिमार होती?"

"विसरत होती. पोरायचे नावं विसरली, जेवली का नाई ते विसरली. पन एक गोष्ट शेवटपर्यंत नाई विसरली. तथच्या राजाची वंशावळ."

पुंडलिकरावांनी भिंतीकडची मान वळवली. "राजाची?"

"अमीर म्हन्तेत त्याइले. यूम्माचा बाप मोत्यायच्या जहाजाचा नाखवा होता, मुंबईले येजा करे. त्यानं लहानपनी पाठ करून घेतलती. डॉक्टर म्हणे, बुढीले बोलतं ठेवा. मंग मी रोज म्हनो, यूम्मा, सांग बरं. अन् ते सुरू होये. अमका बिन तमका. बिन म्हंजे अमक्याचा पोरगा. आयकून आयकून मलेही पाठ झाली."

"मंग म्हण."

"अशी नाई म्हणत. उठा. एका अमिराले एक फेरी."

पुंडलिकराव लेकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लय बदमाश झाली तू तथी जाऊन," आणि वॉकरकडं हात केला.

पहिल्या दिवशी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना मुबारकची गोष्ट झाली. मोठा कर्ता माणूस, आजच्या कुवेतची घडी त्यानं बसवली. पण गादीवर आला तो दोन सावत्र भावांना मारून. पुंडलिकराव वॉकर धरून जागीच थांबले.

"मारलंच?"

"हो. जिवानिशी."

"भावाले?" त्यांची नजर कुडाकडं गेली आणि परत आली. "असं नाई करायले पाह्यजे होतं. भांडावं मानसानं, पन असं नाई."

दुसऱ्या दिवशी मुबारकची मुलं आली. थोरला जाबर, मग सालेम. दोघंही पाठोपाठ अमीर झाले. जाबरनंतर सालेम, सालेमनंतर जाबरचा पोरगा, त्याच्यानंतर सालेमचा पोरगा. कोकिळा सांगत होती आणि पुंडलिकरावांचा चेहरा उजळत चालला होता.

"म्हंजे थोरली पाती अन् धाकटी पाती!"

"तसंच म्हणा."

"अन् आलटून पालटून!"

"सदा नाई. एक डाव सालेमच्याच पातीत लागोपाठ दोघं झाले."

"काहून? जाबरवाल्यानं चालू कसं देल्लं?"

"ते उद्या," कोकिळा म्हणाली. "आज फेऱ्या झाल्या."

त्या दिवसापासून तिला वॉकर पुढं करावा लागला नाही. चहा झाला की पुंडलिकरावच हाक मारायचे, "कोकिळे, जाबर कुठी ठेवलता आपन?" ओसरीतून अंगणात आले, अंगणातून कुडापर्यंत. जाबरच्या वंशातला कोणी गादीवर आला की त्यांना उकळी फुटायची, सालेमच्या वंशातला आला की चाल मंद व्हायची. ही अरबी नावं त्यांच्या जिभेवर बसली होती. जाबरचा पोरगा अहमद त्यांच्या तोंडी अहमदराव झाला.

कुडापलीकडं किसनराव नेमके त्याच वेळी कडबा तोडायला बसू लागले, हे कोकिळेच्या लक्षात आलं होतं. कोयत्याचा आवाज मधेच बंद पडायचा. नाव सालेमचं निघालं की हमखास. तिनं कोणाला काही सांगितलं नाही. आवाज मात्र थोडा चढवला.

एक दिवस पुंडलिकराव रंगात येऊन म्हणाले, "सालेमवाले लोक तसे कामाचे नसतीनच. धाकटी पाती सारीकडं सारखीच."

कोयता खाली पडल्याचा आवाज आला.

"कोकिळे!" कुडाआडून किसनराव गरजले. "तुह्या बापाले इचार, तथची घटना कोनं देल्ली? परवा तूच सांगतलं. इंग्रज गेला तवा गादीवर कोन होतं? सालेमचाच पोरगा होता नं?"

पुंडलिकरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग तेही कोकिळेकडं वळून ओरडले, "त्याले सांग, चोरून आयकनारानं मधात बोलू नये!"

"तुह्या बापाले सांग, आपल्या वावरात बसलं त चोरी होत नाई!"

"त्याले सांग, हे वावर नोहे, वाडी हाय!"

दोघांच्या मधे कूड, आणि कुडाला टेकून कोकिळा. तिला हसू आवरेना म्हणून तिनं पदर तोंडाशी धरला. किती महिन्यांनी हे दोघं एकमेकांशी बोलत होते, तिच्या आडून का होईना.

पुढं हा नेमच पडला. अलीकडं जाबर, पलीकडं सालेम. गोपाल कपाशी वेचायच्या मजुरांची सोय लावून घरी यायचा तर अंगणात कुवेतचं भांडण रंगलेलं असायचं. तो बहिणीला म्हणायचा, "ताई, गावातले लोक इचारून राह्यले, पाटलाच्या घरी कोनचा खटला चालू हाय?"

डिसेंबरात, कापसाचा हंगाम भरात असताना, कोकिळेच्या फोनवर यूम्माच्या नातीचा निरोप आला. कुवेतचे अमीर वारले. कोकिळेनं बापाला सांगितलं. पुंडलिकराव ओळखीचं माणूस गेल्यासारखं म्हणाले, "बिचारा. फार वर्सं नाई भेटले त्याले."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. डोक्याला मफलर गुंडाळलेले किसनराव अंगणात उभे होते. पोळ्यानंतर पहिल्यांदाच.

"कोकिळे, मोबाइलवर पाह्यलं पोरानं. खरं हाय का? आता कोन बसते?"

"याच काका. बसा." तिनं खुर्ची ओढली, पण ते पायरीवरच बसले. खाटेकडं बघेनात. "गेले त्याइचाच भाऊ बसला. जाबरच्या पातीचा."

"पुन्हा जाबर?" किसनरावांचा आवाज चढला. "आलटून पालटून होतं नं? सालेमवाले मेले का सारे?"

मग कोकिळेला ती गोष्ट सांगावी लागली, जी तिनं इतके दिवस टाळली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी पाळी सालेमच्या पातीची आली होती. अमीर झालाही. पण तो फार आजारी होता, चाकाच्या खुर्चीत बसून असायचा, त्याला शपथही घेता येईना. थोड्याच दिवसांत संसदेनं त्याला पायउतार केलं. तेव्हापासून गादी जाबरकडंच.

"बिमार मानसाले खाली उतरवलं?" किसनराव उठून उभे राहिले. "हा काय न्याय झाला? पाय चालत नाई म्हणून मानूस बाद होते का?"

बोलून गेल्यावर त्यांची नजर खाटेवरच्या पायावर पडली आणि तिथंच अडकली. किसनरावांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"दुखते का, दादा?"

"थंडीत दुखते," पुंडलिकराव म्हणाले.

"माह्याकडं करंजीचं तेल हाय. शेकासाठी."

"पाठव मंग."

एवढंच झालं. तेल मात्र किसनराव स्वतःच घेऊन आले, आणि त्या दिवसापासून पायरीवर बसू लागले. कुडाला फाटक असताना इतके दिवस ओरडत का बसलो, असं दोघांपैकी कोणी म्हणालं नाही. पोळ्याचा विषय निघत नव्हता. तो सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर भांडणं होत होती.

कुवेतच्या नव्या अमिरानं वारस नेमायचा होता. हिवाळा सरला, तुरी घरी आल्या, उन्हाळा तापू लागला, तरी नाव जाहीर होईना. दोघे म्हातारे रोज विचारायचे. पुंडलिकराव म्हणायचे जाबरचा होईन, किसनराव म्हणायचे आता त सालेमचाच पाह्यजे. दुपारच्या चहाला आता बेबीताईही येऊन बसायच्या.

बेबीताई म्हणजे या दोघांची चुलत बहीण, कोकिळेची आत्या. गावाच्या कडेला राहायच्या. माहेरच्याच वावरात नवऱ्याला घेऊन राहिल्या, तो घरजावई. तो गेल्यावर शेती स्वतः करत होत्या. औत धरायच्या, बैल जुंपायच्या, आणि तंबाखूची चिमूट गालात धरून ऐकत बसायच्या. फारसं बोलायच्या नाहीत.

अशाच एका दुपारी त्यांनी विचारलं, "कोकिळे, ते बुढी तुले काय म्हणे वं? नाव घेये का तुह्यं?"

कोकिळा म्हणाली, "रोज सकाळी इचारे, तू कोनाची? ओळखेच नाई मले. तथी कोन हाय ते बापाच्या नावावरून सांगतेत. मंग मी सांगो, कोकिळा बिंत पुंडलिक. बिंत म्हंजे पोरगी. तर म्हणे, पुंडलिक कोनाचा? पुंडलिक बिन गोविंदा. गोविंदा कोनाचा? गोविंदा बिन दाजीबा. रोजचं झालं हे. अन् शेवटच्या वर्सात, बाबा, पोटच्या पोरायले ओळखे नाई, पन मी खोलीत आली का हात वर करे अन् म्हणे, कोकिळा बिंत पुंडलिक बिन गोविंदा बिन दाजीबा. एका दमात. अमिरायच्या नावासारखं."

पुंडलिकरावांनी उपरणं तोंडावरून फिरवलं.

"आपल्या बुढ्याचं नाव?" किसनराव म्हणाले. "तथी समुद्रापार?"

"रोज, काका."

"दाजीबा म्हणे? बरोबर?"

"दाजीबाह म्हणे. थोडं लांबवून."

दोघं भाऊ एकमेकांकडं बघून लहान मुलांसारखे हसले. किसनरावांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं, "दाजीबाह, दाजीबाह."

बेबीताईंनी तंबाखू थुंकली. "मंग दाजीबाले पोरं किती, ते नाई इचारलं का बुढीनं?"

"इचारे नं. मी सांगो गोविंदा अन्..." कोकिळा बोलता बोलता थबकली. "गोविंदा अन् धाकटे आजोबा."

"दोनच?"

प्रश्न आत्याबाईंनी अगदी सहज विचारला होता. त्या चहाचा कप धुऊन ठेवून निघूनही गेल्या. प्रश्न मात्र ओसरीतच राहिला. दाजीबांना तीन मुलं होती. मधला सीताराम तरुणपणीच तापानं गेला, मागं एकटी बेबी ठेवून. पोरीची पाती कोण धरतो? पोळ्याच्या रांगेत तिची जोडी शेपटाला उभी राहायची. लोक अजूनही त्यांना जावयाचे बैल म्हणायचे.

मृग लागायच्या थोडं आधी कुवेतची बातमी आली. कोकिळेनं ती दोनदा वाचली आणि मगच ओसरीत आली.

"बाबा, काका, वारस ठरला."

"जाबर?"

"सालेम?"

"दोन्ही नाई. हमदच्या पातीतला हाय."

दोघांनी एकमेकांकडं असं पाहिलं, जणू कोणीतरी त्यांच्या ताटातली भाकरी उचलून नेली.

"हे हमद कुठून आलं?" पुंडलिकराव कडाडले. "इतके दिवस त नव्हतं!"

"होतं, बाबा. मुबारकले आनखीही पोरं होते. यूम्मा सांगे त्याइचे नावं, जाबर अन् सालेम झाल्यावर, भरभर. मीच नाई सांगतले. म्हणलं, ज्याइले गादी नाई भेटली त्याइचं काय सांगा."

"असं कसं चालते?" किसनराव म्हणाले. "दोन पात्यायचा हक्क होता!"

"हक्क अमिराचा, काका. घरातलाच कोनी नेमायचा, तो त्यानं नेमला. हमदही मुबारकचाच पोरगा."

किसनराव तावातावानं आणखी काही बोलणार होते. पण त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि हळूच मिटलं. पुंडलिकराव काठीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढत होते. एक ओढली, दुसरी ओढली, दोन्हींच्या मधे तिसरी ओढली.

"किसन्या," ते म्हणाले.

"समजलं, दादा."

त्या वर्षी पेरण्या वेळेवर झाल्या. श्रावण आला तसा गावात पोळ्याचा विषय निघाला. सरपंचबाईंनी दोन्ही घरी निरोप धाडला की तडजोड नसेल तर यंदा तोरणच बांधायचं नाही. निरोप आला त्याच दिवशी पुंडलिकराव काठी घेऊन निघाले. पाय मोडल्यापासून आवाराबाहेर पडायची ही पहिलीच वेळ. किसनराव बाजूनं चालत होते, हात धरल्यासारखा आणि न धरल्यासारखा. कोकिळा मागून. गाव ओट्यांवर उभं राहून बघत होतं.

बेबीताई गोठ्यात शेण काढत होत्या. भावांना दारात बघून त्यांनी टोपलं खाली ठेवलं.

"बेबे," पुंडलिकराव म्हणाले, "यंदा मखर तुह्या जोडीले."

बेबीताईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "काहून? तुमचं जमत नाई म्हणून?"

"तसं नोहे वं."

"तसंच हाय. माह्या मालकानं जलमभर बैल मागं उभे केले. जावयाचे बैल म्हणून पोट्टे हासत होते, तवा तुम्ही दोघं पुढं होते, मखर बांधून. एकानं तरी मागं पाह्यलं का? अन् आता तुमच्या भांडनात माझे बैल कायले?"

बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. किसनराव मान खाली घालून उभे. पुंडलिकरावांचा पाय थरथरू लागला होता, तरी ते बसले नाहीत. कोकिळेला वाटलं, आपण काही बोलावं. मग वाटलं, हे त्यांच्यातलंच राहू द्यावं.

"नाई पाह्यलं," पुंडलिकराव म्हणाले. "आता पाहून राह्यलो."

"तू सीतारामकाकाची, दाजीबाची नात," किसनराव पुटपुटले. "आम्ही जितके त्याचे, तितकीच तू."

बेबीताईंनी पदरानं हात पुसले. म्हणाल्या, "माह्या बाचं नाव गावात कितीक वर्सात कोनी घेतलं नाई. पोळ्यात झडत्या म्हन्तेत, बैलायचे गाने, त्यात घ्यान? सीताराम दाजीबा. मोठ्यानं. साऱ्यायच्या पुढं."

"घेऊ."

"मंग दादा, बस आधी बाजीवर. पडशीन."

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या गोठ्यात गर्दी झाली. बैलांचे खांदे तुपाहळदीनं चोळायला गोपाल गेला, किसनरावांचा मुलगा गेला. किसनरावांनी आपल्या घरचं मखर पेटीतून काढून आणलं, पुंडलिकरावांनी जुन्या झुली दिल्या. कोकिळेनं बैलांच्या कानाशी आवतन दिलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. लहानपणी आईबरोबर दिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

दुसऱ्या दिवशी आखरावर सारं गाव लोटलं. बेबीताईंची जोडी लहान चणीची, पांढरी. पुढं उभं राहायची सवय नसल्यानं दोन्ही बैल सारखे मागं वळून रांगेकडं बघत होते. कासरा बेबीताईंच्या हातात. नवी हिरवी साडी, कपाळाला बुक्का, चेहरा घट्ट. ढोल थांबले. किसनराव पुढं झाले आणि त्यांनी कधी नव्हे ती आपल्या मनानं झडती म्हटली,

"दाजीबाच्या घरी तीन होत्या पाती,
दोघायनं केली भांडनानं माती,
सीताराम दाजीबा मधला हो हिरा,
त्याच्या लेकीच्या बैलाले आजचा तुरा,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळ्या आखरानं महादेवाचा गजर केला. बेबीताईंच्या चेहऱ्याची घडी उकलली, डोळे भरून आले, आणि त्यांनी कासरा ढिला सोडला.

जोडी पुढं गेली. तोरणाखाली आली. आणि डावीकडच्या बैलानं मान वर केली, आंब्याची पानं हुंगली आणि तोरण खायला सुरुवात केली. तोडलं नाही, पळाला नाही. निवांत उभा राहून एकेक पान ओढून चावू लागला. सबंध गावात हशाची लाट उठली. गोपाल ओरडला, "आत्या, हाका त्याले!" आत्याबाई हसण्यानं वाकल्या होत्या, त्यांच्यानं हाकवेना. शेवटी बैलानं दोरीलाच हिसका दिला, तोरण खाली आलं, आणि वाघजाळीचा पोळा फुटला.

"तुटलं का खाल्लं?" पुंडलिकराव काठीवर रेलून विचारत होते. "हे साल धरायचं का नाई?"

"धरायचं," किसनराव म्हणाले. "पोटात गेलं म्हणजे पक्कं."

संध्याकाळी मानाची जोडी पहिल्यांदा पुंडलिकरावांच्या दारी आली. कोकिळेनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. डावीकडच्यानं पोळी हुंगून तोंड फिरवलं. पोट भरलेलं होतं. ओसरीत ताटं मांडली. बेबीताई कोकिळेला म्हणाल्या, "तू बस वं. इतके वर्सं दुसऱ्याचं केलं." आणि स्वतः वाढू लागल्या. यवतमाळच्या एका दवाखान्यातून कोकिळेला बोलावणं आलं होतं. दिवाळीनंतर जायचं तिनं ठरवलं होतं, पण ते अजून कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगायचंही नव्हतं.

पुंडलिकराव आणि किसनराव एकाच खाटेवर बसले होते.

"पुढच्या साली माही पाळी," पुंडलिकराव म्हणाले.

"तुही कशी? माही!"

"कोकिळे, त्या बुढीच्या नातीले इचार बरं. तथी हमदच्या नंतर कोन?"

"अजून तो वारसच हाय, बाबा! अमीर व्हायचा हाय."

"तरी इचारून ठेव."

"पुढच्या सालाचं पुढच्या साली पाहू," बेबीताई कढीची वाटी घेऊन दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. "सरका जरासे. मलेही बसायचं हाय."

दोघंही सरकले.